तांबटाचा हातोडा आणि पोलादी चिलखत

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत चिलखतांपुढें उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांच्या मनांत बहुधा दोन प्रश्न येतात. एवढें ओझें अंगावर घेऊन माणूस लढत तरी कसा असेल, हा पहिला. आणि असें ओझें वाहणारा वीर केवढा बलदंड असेल, हा दुसरा. तें ओझें घडविलें कोणीं आणि कसें, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणाला सुचतो. युद्धांचा इतिहास योद्ध्यांच्या नांवानें लिहिला जातो, लोहाराच्या नांवानें नव्हे. परंतु तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून पहिल्या दोहोंचें उत्तर नीट देतां येत नाहीं. गेल्या शंभर-सवाशें वर्षांत युरोप-अमेरिकेंतील ज्या कारागिरांनीं जुन्या चिलखतांच्या हुबेहूब प्रतिकृति हातानें घडविल्या, त्यांच्या कामांतून हें स्पष्ट झालें आहे.

या कारागिरांच्या विद्येचें मूळ समजून घेण्यास मात्र समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. धुळ्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे थोड्याच वेळांत सोनगीर लागतें. तेथील जुना किल्ला जसा प्रसिद्ध आहे, तसाच तांब्यापितळेचीं भांडीं घडविण्याचा तेथील धंदाही प्रसिद्ध आहे. सोनगीरचा तांबट घागर घडवितो, चिलखत घडवीत नाहीं. पण सपाट पत्र्यास हातोड्यानें पोट कसें आणावें, ही जी त्याची मूळ विद्या, तीच चिलखतकारांचीही होती.

चिलखत या शब्दानें आपल्याकडे निरनिराळ्या वस्तूंचा बोध होतो. सर्वांत परिचित तें लोखंडी कड्यांचें. शेंकडों, हजारों बारीक कड्या एकमेकींत गुंतवून विणलेला तो अंगरखाच असे. अशा जाळ्याला फारसींत ‘जिरिह’ म्हणतात आणि आपल्या ‘जिरेटोप’ शब्दांत तोच शब्द आजही नांदत आहे. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं शिवाजीमहाराज अफजलखानास भेटले, तेव्हां त्यांच्या अंगांत चिलखत व डोक्यावरील वस्त्राखालीं शिरस्त्राण होतें, ही हकीकत शाळेंतील मुलांसही ठाऊक असते. दुसरा प्रकार पत्र्यांचा. कड्यांच्या जाळ्यावर छाती, पाठ व दोन्ही बगला यांसाठीं चार पोलादी पत्रे बांधीत. त्यांस ‘चार आईना’ म्हणजे चार आरसे असें सुंदर नांव होतें. ज्यानें १६०१ मध्यें आसीरगड घेऊन खानदेशांतील फारुकी राज्य संपविलें, त्या अकबर बादशहाचें उरस्त्राण व ढाल आज मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहेत.

युरोपांत या पत्र्यांनीं हळूहळू सर्व शरीर व्यापलें. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें सुमारें दोनशें वर्षें, म्हणजे विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळांत, डोक्याच्या शेंड्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोलादानें झांकलेला योद्धा तेथें दिसूं लागला. इटलींतील मिलान, जर्मनींतील ऑग्सबर्ग व न्युरेम्बर्ग, आणि आल्प्स पर्वतांतील इन्सब्रुक हीं या धंद्याचीं मोठीं केंद्रें होतीं. इंग्लंडचा आठवा हेन्री यानें तर जर्मन कारागीर आणवून १५१५ च्या सुमारास लंडनजवळ ग्रीनिच येथें स्वतःचा कारखाना चालू केला. हें चिलखत महाराष्ट्राच्या दाराशींही येऊन ठेपलें होतें. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयांत पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांच्या तसबिरींची मालिका आहे. जुआंव द कास्त्रो यानें १५४७ मध्यें ती सुरू करविली. तींतील कित्येक पुरुष पोलादी उरस्त्राण घालून उभे आहेत.

आतां सोनगीरकडे वळून घागरीची कृति पाहूं. तांब्याच्या पत्र्याची गोल चकती कापतात. ती भट्टींत लाल होईपर्यंत तावतात आणि मग थंड करतात. नंतर ती लोखंडी खुंट्यावर तिरपी धरून तिच्यावर ठोके घालतात. ठोका ओळीनें पडतो. एक ठोका दुसऱ्यास थोडासा झांकतो, एक फेरा पुरा झाला कीं त्याच्या बाहेरून दुसरा फेरा. प्रत्येक फेऱ्यानिशीं चकतीचा घेर आंत येतो आणि भिंत वर चढते. अनभिज्ञ माणसास वाटतें कीं पत्रा ताणला जात आहे; वास्तविक येथें तो आवळला जात असतो. कुंभार ज्याप्रमाणें ओली माती बोटांनीं वर चढवितो, त्याप्रमाणें तांबट हातोड्यानें तांबें वर चढवितो. धातु कापून टाकावयाचा नाहीं, नवा घालावयाचा नाहीं. आहे तोच एका जागेवरून दुसऱ्या जागेस न्यावयाचा, हें या विद्येचें सार आहे.

थोड्या वेळानें तांबें अडून बसतें. ठोक्याचा आवाज बदलतो, हातोडा उसळूं लागतो. तरीही ठोकीत राहिलें तर कांठाला चीर जाते. याचें कारण धातुशास्त्र असें देतें: धातु बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. ठोक्यानें त्या कणांतील थर एकमेकांवरून सरकतात व म्हणूनच धातूला आकार येतो; परंतु सरकतां सरकतां ते एकमेकांत असे अडकतात कीं पुढें सरकणें कठीण होतें. पुन्हां ताव दिला म्हणजे कणांची नवी मांडणी होते व तांबें पुनः नरम पडतें. ठोकणें आणि तावणें, ठोकणें आणि तावणें, असा हा क्रम भांडें तयार होईपर्यंत चालतो. शेवटचें काम मठारण्याचें. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनें जवळजवळ ठोके घालून सर्व पृष्ठभाग एकसारखा करतात. जुन्या घागरीवर किंवा बंबावर जे लहान लहान चकचकीत पैलू दिसतात ते याच मठारकामाचे. लोक त्यास केवळ शोभा समजतात; पण त्या शेवटच्या ठोक्यांनीं तांबें कडक होतें आणि भांडें सहसा चेपत नाहीं.

हीच कृति पोलादावर करूं गेल्यास दोन मोठे फरक पडतात. तांबें थंड असतां ठोकतां येतें. पोलादास खोल आकार द्यावयाचा तर तें बहुतेक वेळ लालभडक असावें लागतें, आणि भट्टींतून काढल्यापासून तें काळवंडेपर्यंत जे थोडे क्षण मिळतात तेवढ्यांतच काम उरकावें लागतें. दुसरा फरक पाण्याचा. लाल तांबें पाण्यांत बुडविलें तर तें नरमच राहतें. परंतु पुरेसा कार्बन असलेलें पोलाद लाल करून पाण्यांत बुडविलें तर तें कांचेसारखें कठीण आणि ठिसूळ होतें. कृति एकच, परिणाम उलट! म्हणून लोहार ज्यास ‘पाणी देणें’ म्हणतो तो संस्कार झाल्यावर पोलादास पुनः बेताची ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. ऊब कमी पडली तर चिलखत वाराखालीं तडकेल, अधिक झाली तर चेपेल. जुन्या कारागिरांपाशीं उष्णतामापक नव्हतें. तापलेल्या पोलादावर चढत जाणारे पिवळे, तांबूस, निळे रंग हेंच त्यांचें माप.

आकार आला म्हणजे चिलखत झालें असें नव्हे. चांगल्या जुन्या उरस्त्राणाची जाडी मोजली तर ती सर्वत्र सारखी भरत नाहीं. छातीच्या मध्यभागीं, जेथें भाल्याचें टोंक नेमकें येणार, तेथें ती दोन-तीन मिलिमीटर असते व बगलेकडे कमी होत जाते. हातापायांचे पत्रे तर कित्येकदां जेमतेम एक मिलिमीटरचे असतात. जेथें मरण येण्याचा संभव अधिक तेथें धातु ठेवावयाचा, इतरत्र ओझें वांचवावयाचें, हा त्यांतील हिशेब. आजच्या कारखान्यांत रुळांतून निघालेला पत्रा मात्र सर्वत्र एकाच जाडीचा असतो. प्रतिकृति करणारा तो पत्रा नुसता वांकवील, तर चिलखत नको तेथें जड आणि हवें तेथें दुबळें होईल. चांगला कारागीर म्हणूनच हातोड्यानें बगलेकडील पत्रा पातळ करीत नेतो.

मजबुती आणण्याच्या आणखी दोन युक्त्या घरांतील माणसांस सहज समजण्याजोग्या आहेत. छपरावरचा पन्हळी पत्रा पातळ असूनही सपाट पत्र्याप्रमाणें वांकत नाहीं. सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत जर्मन कारागिरांनीं चिलखताच्या पृष्ठभागावर अशाच उभ्या पन्हळी उठविल्या. सम्राट मॅक्सिमिलियनच्या नांवानें ती पद्धति ओळखली जाते. दुसरी युक्ति कांठाची. पातेल्याचा किंवा बालदीचा कांठ आंत तार घालून वळविलेला असतो, त्यामुळें तोंड वांकडें होत नाहीं आणि हातही कापत नाहीं. चिलखताच्या गळ्याचा व बगलेचा कांठ असाच वळविलेला असे. शिवाय छातीवरून घसरत आलेलें शस्त्राचें टोंक त्या वळलेल्या कांठाशीं अडून गळ्यापर्यंत पोंचत नसे.

या कौशल्याची खरी कसोटी शिरस्त्राणांत लागे. तांबट मोठी घागर दोन-तीन तुकड्यांत घडवितो आणि डाक लावून ते जोडतो. पाण्याच्या भांड्यास एवढें पुरतें. परंतु शिरस्त्राणाचा जोड नेमका वार पडण्याच्या जागीं आला तर तेथेंच तें फुटण्याची भीति. म्हणून उत्तम कारागीर माथ्यावर उंच तुरा असलेलें शिरस्त्राण एकाच पत्र्यांतून वर काढीत. सपाट चकतीमधून तळहाताएवढा उंच तुरा, तोही कोठें न फाडतां काढणें, ही गोष्ट किती अवघड आहे हें ज्यानें एकदां तरी पत्र्यावर हातोडा चालविला आहे त्यासच कळेल. पुढें घाईच्या काळांत अशीं शिरस्त्राणें दोन अर्धुकें जोडून होऊं लागलीं.

येथवर तांबट आणि चिलखतकार बरोबर चालतात. सांध्यांपाशीं त्यांच्या वाटा फुटतात. घागरींत पाणी राहतें आणि पाणी घागरीचा आकार मुकाट्यानें घेतें. चिलखतांत जिवंत माणूस राहतो, आणि तो वांकतो, वळतो, घोड्यावर चढतो. म्हणून कोपर, गुडघा, खांदा येथें अरुंद पट्ट्या एकीवर एक येतील अशा बसवितात. कांहीं पट्ट्या आंतून चामड्याच्या वाद्यांवर तोललेल्या असतात. कांहींचे खिळे लांबट भोकांत मागेंपुढें सरकतात. पट्टीवर पट्टी कोणत्या बाजूनें चढवावयाची याचाही नियम आहे. कौलारू छपराचें पाणी जसें कौलावरून कौलावर उतरत बाहेर पडतें, तसें शस्त्राचें टोंक पट्टीवरून पट्टीवर घसरत शरीराबाहेर जावें. मापांत थोडी चूक झाली तर पट्ट्या एकमेकींत अडकतात, आणि भर युद्धांत ज्याचा हात अडकला त्याची मोठीच आपत्ति! माप घेतांना आंत घालावयाचा जाड, शिवलेला अंगरखाही लक्षांत घ्यावा लागे. चांगला कारागीर प्रथम पुठ्ठ्याचे नमुने कापून ते अंगावर बांधून पाहतो आणि मगच पत्र्यास कात्री लावतो.

आतां त्या पहिल्या प्रश्नाकडे येतां येईल. युद्धासाठीं केलेलें सर्वांगाचें चिलखत साधारणतः वीस ते पंचवीस किलोग्रॅम भरतें. केवळ खेळांतील झुंजींसाठीं केलेलें याहून पुष्कळ जड असे. पंचवीस किलो वजन पाठीवर एका गांठोड्यांत घेणें निराळें आणि सर्व अंगावर वांटून घेणें निराळें. १९४४ सालच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या इंग्रजी बोलपटांत सरदारास यारीनें उचलून घोड्यावर बसविलें आहे, त्यामुळें भलतीच समजूत पसरली. मापाच्या प्रतिकृति घालून माणसें स्वतः घोड्यावर चढतात, जमिनीवर पडून पुनः उठतात, हें वारंवार दिसून आलें आहे. तथापि ओझें तें ओझेंच. २०११ मध्यें इंग्लंडांतील लीड्स येथील शास्त्रज्ञांनीं, प्रतिकृति घालून लढण्याचा सराव असलेल्या माणसांस फिरत्या पट्ट्यावर चालवून व पळवून त्यांचा श्वास मोजला. त्यांस चालण्यास नेहमींच्या दुपटीहून अधिक शक्ति खर्चावी लागली. यास दोन कारणें आढळलीं. पायांवरचें पोलाद प्रत्येक पावलास उचलून पुढें टाकावें लागतें, आणि छातीच्या पत्र्यामुळें श्वास खोल घेतां येत नाहीं. वीर हलूं शकत होता, पण लवकर थकत होता. इतिहासकारांच्या अनेक वर्षांच्या वादास मिळालेलें हें उत्तर हातानें घडविलेल्या चिलखताशिवाय मिळालें नसतें.

प्रतिकृतीचा दुसराही एक इतिहास आहे आणि तो तितका उजळ नाहीं. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील धनिकांस जुन्या वीरकथांचें वेड लागलें. १८३९ मध्यें स्कॉटलंडांत एग्लिंटन येथें एका सरदारानें अमाप खर्च करून जुन्या पद्धतीच्या झुंजींचा महोत्सव भरविला. पावसानें त्याचा चिखल केला तो भाग निराळा. मागणी वाढतांच बाजारांत बनावट चिलखतें आलीं, आणि तीं अस्सल म्हणून विकलीं गेलीं. तीं ओळखावयाचीं कशीं? बाहेरून पाहून तें साधत नाहीं. पत्रा सर्वत्र सारख्या जाडीचा असेल, सांधे माणसाच्या अंगावर चालत नसतील, आंतल्या बाजूस ठोक्यांच्या खुणा नसतील, तर संशय घ्यावा. बाहेरची बाजू झिलई करणाऱ्याची, आंतली बाजू ठोकणाऱ्याची. आणि ठोकणाऱ्यास आंतून खोटें बोलतां येत नाहीं.

याच्या उलट, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयानें चिलखतांच्या दुरुस्तीसाठीं स्वतःची कर्मशाळाच ठेवली होती. १९१७ मध्यें अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली, तेव्हां तेथील चिलखत-विभागाचे प्रमुख बॅशफोर्ड डीन यांच्याकडे सैनिकांसाठीं नवीं शिरस्त्राणें तयार करण्याचें काम आलें. त्यांचे नमुने त्या कर्मशाळेंत जुन्या हत्यारांनींच ठोकले गेले. चारशें वर्षांपूर्वींच्या कारागिरीची अशी गरज पडेल हें कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल. भारतांतही डेहराडून येथें १९४३ पासून चालत आलेला एक कारखाना आहे. गुरखा सैनिकांच्या कुकरीपासून त्याचा आरंभ झाला आणि पुढें तेथून जुन्या तलवारींच्या व चिलखतांच्या प्रतिकृति परदेशीं जाऊं लागल्या.

धातुशास्त्रज्ञ अ‍ॅलन विल्यम्स यांनीं शेंकडों जुन्या चिलखतांचे सूक्ष्म कण तपासून २००३ मध्यें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत एक मननीय गोष्ट आढळते. मिलानचे कारागीर पंधराव्या शतकांत पोलादास पाणी देऊन तें कठीण करीत. सोळाव्या शतकाच्या आरंभानंतर त्यांनीं हें बहुतांशीं सोडून दिलें. कारण, गिऱ्हाइकास सोनेरी नक्षी हवी होती. सोन्याचा मुलामा पाऱ्यांतून चढवीत. पारा ३५७ अंशांवर उकळतो, म्हणून तो उडवून लावण्यास पोलाद चांगलेंच तापवावें लागे, आणि त्या तापानें पाण्याचा गुण उतरून जाई. डोळ्यांस दिसणारी शोभा राहिली, न दिसणारी कठीणता गेली. केवळ शोभेस किंमत देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातीं उत्तम विद्येचें काय होतें, याचें हें उदाहरण सर्व काळीं लागू आहे.

पुढें बंदुकीची गोळी भारी ठरली, चिलखतें मागें पडलीं आणि सतराव्या शतकाच्या मध्यास ग्रीनिचचा कारखानाही बंद झाला. त्या कारागिरांनीं आपल्या विद्येचें साद्यंत पुस्तक लिहून ठेवलें नव्हतें. विद्या हातांत होती. हात गेले तशी ती गेली. पुढें ज्यांनीं ती पुनः उभी केली, त्यांना संग्रहालयांतील पत्र्यांच्या आंतल्या खुणा वाचीत, अनेक पत्रे फाडीत, पायरी-पायरीनें शिकावें लागलें. एकदां तुटलेली गुरुशिष्यांची साखळी जोडणें किती महाग पडतें, हें त्यावरून दिसतें.

सोनगीरची साखळी अशी तुटूं द्यावयाची कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे. स्टीलचीं, अॅल्युमिनियमचीं आणि प्लॅस्टिकचीं भांडीं आलीं, यंत्राचा दाब एका क्षणांत पातेल्यास आकार देऊं लागला. त्यांस दोष देऊन उपयोग नाहीं, कारण तीं स्वस्त आहेत व गरिबाच्या घरीं तींच परवडतात. परंतु तांबटाच्या मुलानें खुंट्यापुढें बसावयाचें सोडलें तर नुसती घागर जाणार नाहीं. पत्रा कधीं अडतो, ठोक्याचा आवाज कधीं बदलतो, ताव केव्हां पुरे होतो, हें ज्ञानही तिच्याबरोबर जाईल. आणि उद्यां आपल्याच एखाद्या चार आईन्याची किंवा जुन्या शिरस्त्राणाची दुरुस्ती करावयाची झाल्यास तें हातोड्याचें ज्ञान कोठून आणावयाचें? सुशिक्षित कुटुंबांनीं वर्षांतून एखादें भांडें घडणाऱ्याच्या हातून घ्यावें, त्यास शोभेपेक्षां कामाचा मोबदला द्यावा, आणि मुलांस एकदां तरी त्याच्या भट्टीपाशीं नेऊन ठोक्यांचा बदलता आवाज ऐकवावा. एवढें करण्यास संग्रहालय लागत नाहीं आणि सरकारी हुकूमही लागत नाहीं.